मांडीवर मावेल एवढा

“हे तुमचं मांडीवर मावणारं पिल्लू!” असं म्हणून बाबांनी हातातला पट्टा ढिला सोडला. वाटाण्याने, त्यांच्या दांडग्या कुत्र्याने, पुढचे दोन्ही पाय थेट ब्रीडरच्या काउंटरवर टाकले आणि बिस्किटांची बरणी आडवी केली.

ब्रीडर कुत्र्यांची पिल्लं विकून विकून मुरलेला माणूस. त्याने आधी बरणी सरळ केली, मग आतून एक चिमुकली कुत्री काखोटीला मारून आणली. “खाण तशी माती, साहेब. ही याची आई. तुम्ही वाट्टेल तेवढं खायला घातलंत, त्याला मी काय करू?”

वाटाण्याने त्या आईला एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं. आई कसली! येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवलेली ती. खरी आई मागच्या पिंजऱ्यात असणार, चांगली वासराएवढी. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

“आणि पंजे तेव्हाच केवढे होते! बघून घ्यायचं होतंत,” ब्रीडर म्हणाला.

“आम्हाला काय ठाऊक पंजे बघायचे असतात?” बाबांच्या शेजारी उभ्या असलेल्या आईचा आवाज चढला. “दोन खोल्यांचं घर आमचं. घरमालक म्हणतो, कुत्रा तरी ठेवा नाहीतर खोली तरी. छोटा होता म्हणूनच आणला ना! एवढा वाढणार हे कळलं असतं तर हातसुद्धा लावला नसता.”

आईच्या मागे मुलगी उभी होती, वाटाण्याच्या पाठीवर हात ठेवून. गेल्या वर्षी अनाथाश्रमातून आणलेली ही पोर आधी तोंडच उघडत नसे. तिचं मन रमावं म्हणून वाटाणा आला. ती त्याच्याशी बोलायला लागली आणि हळूहळू यांना आई-बाबा म्हणायला लागली. आता तोच जाणार म्हणून दोघं धास्तावली होती. पुन्हा मिटली तर? वाईट माणसं नव्हती ती.

बराच वेळ तू तू मैं मैं झाली. शेवटी ब्रीडर म्हणाला, “जाऊ दे, वाद नको. हा ठेवा इथे, बदल्यात हे न्या.” त्याने ओंजळीत मावेल असं एक पिल्लू काउंटरवर ठेवलं.

बाबांना लढाई जिंकल्यासारखं वाटलं. मुलीने मात्र विचारलं, “काका, मग वाटाण्याला कोण नेणार?”

“मोठं झालेलं कुणी नेत नाही, बाळ.”

त्या दिवशी तो तेवढं एकच वाक्य खरं बोलला.

घरी जाताना नवं पिल्लू तिच्या मांडीवर झोपलं होतं. ती रडली नाही, रुसली नाही. “शहाणी गं माझी पोर,” आई म्हणाली आणि दोघांचा जीव भांड्यात पडला.

पुढे काही दिवसांनी ती शाळेतून लंगडत आली. आईने तिला खुर्चीवर बसवून बूट ओढून काढला. मोजा बोटांपाशी रक्ताने चिकटला होता, अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं.

“अगं, बूट केव्हाचे लहान झालेत! बोलली का नाहीस? चल, आत्ताच्या आत्ता नवे घेऊ.”

मुलीने आईच्या हातातून बूट हिसकावला आणि दात-ओठ खात पाय परत आत कोंबला.

“नको आई, होतात मला. बघ ना, तुम्ही आणलंत तेव्हा होते तेवढीच आहे मी.”