नानांची नवी नजर

"अमृतभाऊ, तुमनी पोर मन्ह्या पाया पडत नई," हेमराजनाना म्हणाले आणि खुर्चीत ताठ झाले.

व्याह्यांना खास चाळीसगावहून बोलावून घेतलं होतं. धुळ्याजवळच्या या घरात सुनेचा हात सासऱ्याच्या पायाला लागत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, समोर वाकायचं, जमिनीला बोटं टेकवायची, की झालं. एवढंसुद्धा दिपमालाला जड व्हावं? लग्नाला वर्ष होत आलं. सकाळी नाना पेपर वाचत बसले की बांगड्या वाजायच्या, थांबायच्या, पुन्हा वाजत आत जायच्या. आली आणि तशीच गेली, नाना मनात म्हणत.

पण नाना न्यायी माणूस. घरात त्यांनी अवाक्षर काढलं नाही. संशयाचा फायदा मोतीबिंदूला दिला. आधी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं, मग खटला उभा केला.

डॉक्टर म्हणाले होते, "मोतीबिंदू निघाला, समोरचं लख्ख दिसेल. पण काचबिंदूनं खालची नजर आधीच खाल्ली आहे. ती ऑपरेशननं परत येत नाही. थेंब चालू ठेवा आणि पायाखाली मुद्दाम बघत चला." नानांनी त्यातला 'लख्ख' तेवढा घरी आणला. उंबऱ्याला ठेच लागायची काही थांबेना, तेव्हा त्यांनी गवंड्याला शिव्या घातल्या.

"आते माले बठ्ठं दिखस," नाना म्हणाले. "त्या कॅलेंडरवरलं बारीक अक्षर बी. मंग सून कशी दिखत नई?"

अमृतभाऊ नानांच्या खुर्चीपुढच्या फरशीकडे बघत होते. दाराशी उभ्या असलेल्या नानांच्या पत्नी सुनंदाबाईसुद्धा तिकडेच.

"नाना," अमृतभाऊ हळूच म्हणाले, "जरासं खाले देखा."

नानांनी मान वाकवली. पदर घेतलेलं डोकं. फरशीला टेकलेली बोटं. आशीर्वादाची वाट बघत दिपमाला तशीच वाकलेली होती.

"हाई... कवयपासून?"

"लगीन व्हयनं तवयपासून," सुनंदाबाई म्हणाल्या. "तुम्ही हूं की चूं करत नई. माले वाटनं, तुमना काही राग शे."

"मी बी आज तेच इचारनार व्हतू," अमृतभाऊ म्हणाले. "पोरनं काय चुकनं?"

ऑपरेशन खरोखरच चोख झालं होतं. अमृतभाऊंच्या डोळ्यांत आलेलं पाणी नानांना अगदी स्वच्छ दिसत होतं.