उद्घाटनाची चाल

चोक्कलिंगम मुदलाळींनी पांढरा हत्ती उचलला, आपल्याच प्याद्यावरून उडवला आणि पटाच्या मधोमध टेकवला. टाळ्यांचा कडकडाट झाला. शालेय बुद्धिबळ स्पर्धेचं उद्घाटन पार पडलं.

पाहुण्याने पहिली चाल करायची आणि निघून जायचं, ही रीत. चाल उभ्यानेच करायची असते. पण मंगल कार्यालय मुदलाळींचं, संध्याकाळचं लग्न येईपर्यंत फुकट दिलेलं. म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या इळंगो सरांनी आदराने खुर्ची पुढे केली. मुदलाळी बसले. खांद्यावरची मानाची शाल सारखी करून समोरच्या मुलीला म्हणाले, "हं पाप्पा, तुझी चाल."

पाप्पा म्हणजे छोटी पोर, आणि ही पोर म्हणजे तेन्मोळी. बारावीची, म्हणजे यंदाची संधी शेवटची. आज पहिली आली तरच राज्य स्पर्धेला जाणार, आणि निकाल आजच कळवायचा होता. तिने सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे पाहिलं. तिचा खरा प्रतिस्पर्धी भिंतीशी उभा राहून टाळ्या वाजवत होता.

तिने प्यादं सरकवलं.

पाहुणा उठेपर्यंत समारंभ संपत नाही आणि समारंभ संपल्याशिवाय घड्याळं सुरू होत नाहीत. बाकीच्या पटांवर मुलं मांडीवर हात ठेवून बसली होती, शाळेच्या ग्रुप फोटोत बसतात तशी.

"मात, अय्या," थोड्या वेळाने तेन्मोळी म्हणाली.

"असू दे, असू दे." मुदलाळींनी राजा उचलून पार कोपऱ्यात नेऊन ठेवला. टाळ्या.

तिने तिथेही मात केली. राजा या वेळी काळ्या प्याद्यांच्या मागे जाऊन बसला.

"अय्या, ही माझी बाजू आहे."

"मग काय झालं? पाहुणा म्हणून आलाय."

इळंगो सर वाकून म्हणाले, "अय्या, कॉफी आतल्या खोलीत ठेवलीय."

"इथंच आणा. डाव रंगात आलाय."

दारात लग्नाचे नादस्वरवाले येऊन टेकले. एकाने हळूच सूर लावून पाहिला. केळीचे खांब घेऊन आलेली माणसं मुलांना म्हणाली, "पोरांनो, जरा टेबलं सरकवा, इथं नवरा-नवरी बसणार." मुलं पटासकट सरकली.

तेन्मोळीने तिसऱ्यांदा मात केली. राजा आणखी एका घरी राहायला गेला.

सर तिच्या कानाशी लागले. "अम्मा, हरून टाक."

"सर, मी तीनदा जिंकलेय."

"माहितेय गं. म्हणून तर ते उठत नाहीयेत."

तिने थोडा वेळ पटाकडे पाहिलं. मग आपला राजा आडवा केला. "हरले, अय्या."

मुदलाळी उठले. सगळं कार्यालय उठलं. त्यांनी तेन्मोळीच्या डोक्यावर हात ठेवला, चारी दिशांना नमस्कार केला आणि दाराकडे निघाले. सरांनी घाईघाईने माइक हातात घेतला. निदान झटपट डाव खेळवता आले असते.

दारापाशी मुदलाळी थांबले.

"एकदाच जिंकलो तर लोक म्हणतील, मालक आहे म्हणून पोरीने जिंकू दिलं," ते म्हणाले. मग परत येऊन बसले आणि पट फिरवला. "आता काळी माझी."

तेन्मोळी पांढरी मांडू लागली. मान वर न करता तिने विचारलं,

"सर, या वेळी किती चालींत हरू?"