लाल रेघा

“तुझा विश्वास बसणार नाही,” फोटोवाला कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाला, “कुणाचाच बसणार नाही. पण समोरच्या गच्चीवर एका बोक्यानं कबुतरांना रांगेत बसवलंय आणि त्यांची शाळा घेतोय.”

“आणि कबुतरं बसलीत?” खुर्चीतून बायकोनं विचारलं.

“बसलीत की. एक मागं डुलक्या काढतंय. तुझ्या दादासारखं.”

ती हसली. हल्ली हसायची ती एवढंच, नाकातल्या नाकात.

ऑपरेशननंतर डोळ्यांवरची पट्टी निघाली तेव्हा डॉक्टरांनी बोटं नाचवून विचारलं, किती? ती म्हणाली, अंधार आहे. धीर धरा, डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी फोटोवाला विचारायचा, “काही फरक?” आणि ती म्हणायची, “अजून नाही.” मग तो खिडकीत बसून तिला जग सांगायचा. स्टुडिओत रडकी पोरं हसवायला त्यानं जन्मभर लोणकढ्या थापा मारल्या होत्या. आता त्याच कामाला आल्या.

“गुलाबाला कळी आली का हो?”

“दोन आल्यात. एक तर आज-उद्या उमलेल.”

“हो?” ती म्हणाली, आणि तिनं तोंड खिडकीकडे वळवलं.

लेक लांब राहायची. तिनं निक्षून सांगितलं होतं, “तुमच्यातल्या एकाला नीट दिसतंय तोवर राहा तिथं. नाहीतर घराला कुलूप, आणि दोघंही माझ्याकडे.” तिच्या घरात खोली होती, गादी होती, जावई भला होता. पण बायकोनं फोन ठेवल्यावर एकच वाक्य उच्चारलं होतं, “मला इथनं हलवू नका.” फोटोवाल्यानं तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता.

म्हणून दर रविवारी तो तिचा फोटो काढायचा. काढलेला फोटो कॅमेराच परस्पर लेकीच्या फोनवर धाडायचा; ती सोय लेकीनंच करून दिली होती. फोटो लख्ख आला की आणखी एक आठवडा घर आपलं.

कॅमेराही लेकीनंच दिलेला. नव्या जातीचा, आत आरसा नसलेला. लेन्सला जे दिसेल तेच आतल्या इवल्या पडद्यावर. सोबतची लेन्स त्यानं डबीत टाकली आणि मधे अडॅप्टरची चकती बसवून आपली जुनी, हातानं फिरवायची लेन्स चढवली. “आपली आपण फोकस करणारी लेन्स म्हणजे अतिशहाणा जावई,” तो म्हणायचा. “न सांगता सगळं करतो, नेमकं हवं ते सोडून.”

“चला, बैठक सुरू.” त्यानं लेन्सचं टोपण काढून खिशात टाकलं. “नाहीतर तुझ्या दादासारखं व्हायचं. सहलीचा अख्खा रोल टोपणासकट!”

“किती वर्षं उगाळणार ते?”

“जुन्या कॅमेऱ्यात खपून जायचं गं. यात टोपण राहिलं की पडदा काळाठिक्कर. दादालासुद्धा कळलं असतं.”

त्यानं सुतळीचं एक टोक तिच्या हातात दिलं. तिनं ते नाकाच्या शेंड्याला लावलं. दुसरं टोक लेन्सपाशी ओढून धरत त्यानं अंतर वितीनं मोजलं. लेन्सच्या रिंगवर त्या अंतरासाठी कानशीनं पाडलेली खाच अंगठ्याला लागेपर्यंत रिंग फिरवली. आतलं वंगण सुकलेलं. खर्र खर्र वाजायची.

“फोकस जमला की लाल रेघा उमटतात म्हणता, मग सुतळी कशाला?”

“पट्टीचा फोटोवाला डोळ्यांवर विसंबत नाही.”

तिची बोटं त्याच्या गळ्याशी आली. चुकीच्या काजातलं बटण काढून तिनं योग्य काजात घातलं, झटक्यात.

“तुला कसं कळलं?”

“बोटांना कळतं हो.”

आतल्या खोलीत फोन वाजला. लेन्स उघडी टाकून जागा सोडायची नाही, हा धंद्यातला नियम. टोपण खटकन लावून तो भिंतीला हात घासत गेला. वाटेतलं स्टूल आज नडगीला लागलं नाही.

“बाबा, फोटो आला नाही अजून,” लेक म्हणाली. “आणि मागचा तिरका होता.”

“त्याला शैली म्हणतात, बाळ.”

“मस्करी नको. आज नीट फोटो आला नाही, तर उद्या गाडी घेऊन येते. दोघांना घेऊनच जाणार.”

“पाच मिनिटांत येतो फोटो.”

तो घाईघाईनं परतला. रिंगवरची खाच पुन्हा चाचपून पाहिली. जागेवर होती.

“काय म्हणाली?”

“काही नाही. जावयाची सर्दी.” त्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला. “हनुवटी जरा वर. हां.”

“केस नीट आहेत का?”

“एक बट कपाळावर आलीय. राहू दे, छान दिसतेय.”

“आणि स्वेटर कुठला चढवलाय मी? हाताला कळेना.”

“निळा,” तो जराही न अडखळता म्हणाला. “तुला शोभतो तो.”

तिनं स्वेटरच्या बाहीवरून हात फिरवला.

“आली! लाल रेघ आली बघ. पहिल्यांदा कानाच्या पाळीवर, आता पापण्यांवर. एकेक पापणी मोजून घ्यावी इतकी लख्ख. हलू नकोस.”

खट्.

“झकास!” तो म्हणाला. “काय दिसतेयस म्हणून सांगू! लेक बघतच राहील.”

तिनं हात पुढं करून त्याची कॅमेऱ्यावरची बोटं धरली. न चाचपडता, थेट.

“अहो, स्वेटर हिरवा आहे,” ती हळूच म्हणाली. “आणि लेन्सवर टोपण तसंच आहे.”