उजवा खांदा

ठकीच्या डाव्या गालावरचं पुरळ आज कानामागे पोचलं होतं. आईने तिच्या दोन्ही मुठींना मोजे चढवले होते, तर ती मोज्यांनीच गाल घासत होती. आठ महिन्यांच्या जिवाला खाज सुटली तर सांगता येत नाही, नुसतं रडता येतं; आणि ते काम ती सकाळपासून मन लावून करत होती.

स्वयंपाकघरातल्या फळीवर दुधाच्या भुकटीचा नवा डबा होता, अजून सील न तोडलेला. डॉक्टर म्हणाले होते, शुक्रवारपर्यंत उतरलं नाही तर अंगावरचं दूध थांबवून बघू. आज गुरुवार होता.

"फोड ना गं एकदाचा तो डबा," सासूबाई म्हणाल्या.

"उद्या."

"उद्याने काय होणारे? अंडी सोडलीस, शेंगदाणे सोडलेस, मासे सोडलेस. आता वारा खाऊन राहणार आहेस का?"

भिंतीवरच्या कॅलेंडरवर हे सगळं ठकीच्या आईच्याच अक्षरात होतं. अंडी बंद केली आणि सोमवारी गाल फिकट पडला. वाटलं, सापडलं. मंगळवारी संध्याकाळी पुन्हा लालभडक. शेंगदाणे बंद केले. सोमवारी पुन्हा फिकट, मंगळवारी पुन्हा तेच. मग मासे. तीन सोमवार तिने तीन पदार्थांच्या नावावर मांडले होते. सासूबाईंच्या मते मात्र तिन्ही सोमवार त्यांचे होते, कारण रविवारी दुपारी त्या नातीला तेल चोळत.

"माझ्या हाताचा गुण आहे तो. रोज चोळते म्हटलं की तुझ्या कपाळाला आठ्या."

दारात चपला वाजल्या. ठकी रडायची थांबली.

तिचा बाबा फर्निचरच्या कारखान्यात सुतार होता. ठकी सातला झोपे आणि तो पावणेसातला घरी पोचे. त्या पंधरा मिनिटांत अंघोळ करायची की लेक घ्यायची, हा प्रश्न त्याने पहिल्याच दिवशी सोडवून टाकला होता. तळवे तेवढे नळाखाली धरून, पँटला पुसून त्याने ठकीला उचललं आणि उजव्या खांद्यावर टाकलं. ठकीने रोजच्यासारखं नाक त्याच्या मानेत खुपसलं, डावा गाल शर्टावर टेकवला आणि एक लांब सुस्कारा सोडला.

"बघा, बाप आला की कशी शहाणी," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही मेलं दिवसभर हिच्यापुढे नाचायचं."

ठकीची आई ओलं फडकं घेऊन गाल पुसायला आली आणि त्याच्या पाठीमागे थांबली. पुसायचा गाल दिसतच नव्हता. तो शर्टाच्या खांद्यात रुतला होता. खांद्यावर तांबूस काळा पट्टा होता, दिवसभर फळ्या वाहून पडलेला. ठकीचा वर राहिलेला उजवा गाल मात्र लोण्यासारखा होता. तसा तो पहिल्यापासूनच होता.

बाबाने एका हाताने कॉलर मागे ओढली आणि कराकरा मान खाजवली.

"हे कधीपासून?" तिने विचारलं.

"काय?"

"मान."

"हां, ही होय. शिसवाचं मोठं काम आलंय ना, कपाटांचं. महिना होईल. त्याच्या भुश्शाने सगळेच खाजवतायत. मिस्त्री म्हणतो, माणसाशी ओळख व्हायला शिसवाला जरा वेळ लागतो." तो हसला.

"बोलला नाहीत कधी."

"घरात एक खाजवणारी आहे, तेवढी पुरे की."

तिने कॅलेंडरकडे पाहिलं. रविवारचे चौकोन सगळे कोरे होते. रविवारी कारखाना बंद असे.

"तिला इकडे द्या."

"अगं, आत्ता कुठे घेतलीय..."

"द्या आधी. आणि अंघोळ करा, डोक्यावरून. शर्ट बाहेर टांगा. आत आणायचा नाही."

आवाज असा होता की सासूबाईंनीही उघडलेलं तोंड तसंच मिटलं. बाबाने ठकीला तिच्या हातात दिलं. तिने लेकीचा लाल गाल त्याच्याकडे वळवला, मग त्याच्या खांद्याकडे बोट केलं. तो बघत राहिला. खांदा झटकायला त्याने हात वर नेला आणि झटकला नाही. भुस्सा उडाला असता.

शर्ट दाराबाहेरच्या खिळ्याला गेला. न्हाणीघरात पाणी ओतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, एका माणसाला लागतो त्याहून जास्त. ठकीच्या आईने तिचा गाल, कान, मान पुसली आणि तिला प्यायला घेतलं. सासूबाई उठल्या. फळीवरचा डबा त्यांनी मागे सरकवला, त्याच्यापुढे डाळीची बरणी ठेवली.

"उद्या दोन अंडी उकडते तुला," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "हाडं दिसायला लागलीत."

बाबा धुतलेला सदरा घालून बाहेर आला तेव्हा सात वाजून गेले होते. ठकी जागीच होती. त्याने तिला घेतलं, जरा बिचकतच, आणि उजव्या खांद्यावर टेकवलं.

ठकीने त्याच्या मानेत नाक खुपसलं. मागे घेतलं. पुन्हा खुपसून पाहिलं. मग मान ताठ करून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, पाहुण्याने उचलल्यावर बघायची तशी. तिचा खालचा ओठ पुढे आला.

"अगं, मीच आहे," बाबा म्हणाला.

ठकी वळली आणि मोजा चढवलेला हात तिने दाराबाहेर लांब केला, खिळ्यावरच्या शर्टाकडे.