मागच्या डाव्या चाकातला खडा

मी इलेक्ट्रिक पिकअप घेतली तेव्हा बाबा आठवडाभर फुगून बसले होते. चाळीस वर्षं डिझेल इंजिनं दुरुस्त करून कान कामातून गेलेले, तरी तोरा तोच: “आवाज नाही ती गाडी कसली? खेळणंच ते!” मी डिझेलचे वाचलेले पैसे दर शनिवारी त्यांच्याच जुन्या डिझेलच्या कॅनमध्ये टाकत गेले. वर्षभरानं त्या वास मारणाऱ्या नोटांतून त्यांच्या कानांची मशीनं आली. आज गिऱ्हाइकाची कपाटं पोचवून मी गाडी अंगणात घेतली, तेव्हा ते पायरीवर पाठमोरे चहा पीत होते. मान न वळवता म्हणाले, “मागच्या डाव्या चाकात खडा अडकलाय, टिकटिक करतोय.” वाकून पाहिलं, खरंच होता. स्क्रूड्रायव्हरनं काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. तो खिशात टाकून त्यांनी शेजाऱ्याला हाक मारली, “आमची गाडी पाहिलीस? जराही आवाज नाही!”