पहिला वाडगा

हवाईहून न्यूझीलंडमधल्या पापाटोएटोला येऊन लाकडी कोरीवकाम शिकवणाऱ्या मकोआंचा एकच हट्ट होता: आपल्या हातची पहिली वस्तू स्वतःकडे ठेवायची नाही, देऊन टाकायची. त्यांची विद्यार्थिनी अबोलीने वर्षभर खपून घडवलेला पहिला वाडगा, जिवावर आलं तरी, मैत्रीण विनयाच्या वास्तुशांतीला दिला.

२००६च्या ख्रिसमसला वर्गातल्या नव्या नितीशने मकोआंपुढे चकचकीत कागदातली भेट ठेवली. आतून तोच वाडगा निघाला, काठावर अबोलीची पटाशी घसरल्याच्या खुणेसकट!

“अरे, हा मी विनयाला दिला होता!”

“आम्हाला तर बाळाच्या बारशाला शेजारच्या श्रुतीने दिला,” नितीश ओशाळला. “तिला विनयाने दिला असेल.”

अबोलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मकोआंचे डोळे मात्र पाणावले.

“म्हणजे कुणीच ठेवून घेतला नाही? माझा नियम इतका मनापासून माझ्या घरच्यांनीसुद्धा पाळला नाही!”