मागची जागा

बैलगाडी थांबली तेव्हा समोर चार भिंती, अर्धं छप्पर आणि दाराबाहेर बांधलेल्या दोन शेळ्या होत्या. बिरू गाडीवान खाली उतरला. त्यानं आधी शेळ्यांकडं पाहिलं, मग सालोमी नर्सच्या पांढऱ्या पातळाकडं, आणि म्हणाला, "हेच की ओ बाई, इंग्रजाचं देऊळ."

धाराशिवच्या सरकारी दवाखान्यातला कागदपत्रं सांभाळणारा पेशकार याला 'इसायांची मशीद' म्हणाला होता आणि माणिकप्पा वाण्यानं 'पाद्र्याचा मठ' म्हटलं होतं. दोघांनी वाट मात्र एकच सांगितली, येरमाळ्याच्या पलीकडं, ओढा ओलांडून. नावावर एकमत नाही पण वाटेवर आहे, हे ऐकूनच सालोमीचा विश्वास बसला. धर्मात सहसा उलटं असतं.

तिला फार काही नको होतं. पुढचं माणूस प्रार्थना म्हणेल आणि आपण मागं, चार बायकांच्या खांद्याला खांदा लावून 'आमेन' म्हणू, एवढंच. नगरहून इथं बदली होऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून दर रविवारी खोलीचं दार लोटून ती एकटीच प्रार्थना म्हणायची आणि आमेनही स्वतःच म्हणायची. आपणच अर्ज करावा आणि आपणच त्यावर मंजुरीचा शिक्का मारावा, तसं ते वाटायचं. निजामाच्या राज्यातसुद्धा असा कारभार कुणी पाहिला नव्हता.

आतून हातात खराटा घेऊन एक म्हातारी बाहेर आली. तिची नजर सालोमीच्या काखेतल्या प्रार्थनेच्या पुस्तकावर गेली. तिनं खराटा भिंतीला टेकवला, डोक्यावर पदर ओढला.

"लई येळ लावला," ती म्हणाली.

आपण पाद्री नाही, दवाखान्यातली नर्स आहोत, आपल्याला फक्त सुया टोचता येतात, असं सालोमीनं समजावून सांगितलं. म्हातारीनं सगळं नीट ऐकून घेतलं. बाई आहे तर बाई, चालंल, म्हणाली. इतक्या वर्षांत कुणी आलं नाही. आता आलंय त्याला कशाला नाही म्हणायचं?

तिचं बाप्तिस्म्याचं नाव रिबेका. पण त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही, म्हणून ती पुन्हा दगडाबाई झाली होती. एके काळी इथं बसायला जागा पुरत नव्हती, म्हणाली. मग मानमोडी तापाची साथ आली. सासू गेली, जाऊ सारजा गेली, निम्मी माणसं आठवड्यात मातीआड झाली. वाचली ती सोलापूरच्या गिरण्यांत पोट भरायला गेली. पाद्रीसाहेब पुढच्या रविवारी येतो म्हणून गेले. येतील तेव्हा दार उघडायला कुणीतरी पाहिजे, म्हणून दगडाबाई राहिली. दर रविवारी सकाळी शेळ्या बाहेर काढून ती आतली जमीन झाडायची. बाकीचे दिवस शेळ्या आत असतात, हे तिनं लपवलं नाही.

"मग प्रार्थना कोण म्हणतं?" सालोमीनं विचारलं.

"मला कुठं येती? मला आमेन येतं तेवढं."

म्हणजे इथं अर्जच नव्हता. शिक्का तेवढा तयार होता.

सालोमी आत गेली. समोरच्या भिंतीला पाद्र्याची खुर्ची टेकवून ठेवलेली होती. तिला पाय तीनच होते, पण पुसलेली होती. सालोमी तिच्याजवळ उभी राहिली आणि वळून बघते तर दगडाबाई पार मागच्या भिंतीपाशी पोतं टाकून बसलेली. दोघींच्या मधे सगळी झाडलेली जमीन रिकामी.

"मावशी, पुढं या की."

"पुढं बाकीची बसत्यात," दगडाबाई म्हणाली.

सालोमीनं त्या जमिनीकडं पाहिलं. तिची स्वतःची पावलं सोडली तर खराट्याच्या रेघांवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. दगडाबाई कडेकडेनंच मागं गेली असणार.

"हे दयाळू पित्या," सालोमीनं सुरुवात केली आणि श्वास घ्यायला थांबली.

"आमेन," मागून आवाज आला.

अजून तिनं काही मागितलंच नव्हतं. पण मंजुरी आली. वर्षभर तोंडपाठ असलेले पुढचे शब्द सालोमीला सापडेनात. तिनं पुस्तक उघडलं, तर अक्षरं दिसेनात. दाराबाहेर बिरूनं बिडी विझवली. सालोमीनं पुस्तक मिटलं आणि आठवेल ते म्हटलं. दवाखान्यातल्या आजाऱ्यांसाठी, सोलापूरला गेलेल्यांसाठी, न आलेल्या पाद्रीसाहेबांसाठी. ती जिथं जिथं थांबली तिथं आमेन आलं, कधी जरा आधीच.

प्रार्थना संपल्यावर ती तिथं उभी राहिली नाही. मधून न जाता भिंतीच्या कडेनं चालत मागं आली आणि पोत्यावर, दगडाबाईच्या अगदी लगत बसली. खांद्याला खांदा लागला. दगडाबाईच्या लुगड्याला धुराचा आणि शेळ्यांचा वास होता. सालोमीनं डोळे मिटून घेतले.

मग दगडाबाई हळूच, भरल्या सभेत कुजबुजावं तशी, कानाशी आली.

"जरा सरका, बाई. तिथं सारजा बसती."

पातळाचा घोळ सावरून सालोमी एका बाईपुरती सरकली.